संख्येची साक्ष : जामखेड आणि जैवसंख्याशास्त्र

वैद्यकीय संशोधनातील जैवसंख्याशास्त्राचे स्थान सांगू लागले की आपली दृष्टी बहुधा परदेशी प्रयोगशाळांकडे वळते. वस्तुतः त्या शास्त्राचे मर्म अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या, अवर्षणाने वारंवार गांजलेल्या जामखेड तालुक्यात उत्तम रीतीने पाहावयास मिळते. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा पाया घातला, आणि ज्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती अशा गावोगावच्या स्त्रियांना शिकवून बाळंतपण, लसीकरण, अतिसार व कुपोषण यांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. प्रकल्पाच्या दफ्तरी 1971 साली हजार जिवंत जन्मांमागे 176 अर्भकमृत्यूंची नोंद होती. 1996 साली ती 19वर आली.

परंतु या अवधीत रस्ते झाले, शाळा निघाल्या, सरकारी लसीकरण वाढले आणि बालमृत्यू सबंध राज्यातच घटले. तेव्हा प्रकल्प नसता तर काय घडले असते, हा खरा सवाल उरतो, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नसल्याने तुलनेवाचून गत्यंतर नसते. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयरोग्यांची वाटणी वैद्याच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेवर सोपविली. सहा महिन्यांत औषध दिलेल्या 55 जणांपैकी 4, तर केवळ विश्रांती दिलेल्या 52 पैकी 14 दगावले. जामखेडची गावे मात्र अशी चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. म्हणून 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या अभ्यासाने प्रकल्पाच्या गावांची बाहेरील गावांशी तुलना करताना जात, धर्म इत्यादी भेदांचा हिशेब आधी वजा केला. निष्कर्ष असा, की एक महिना ते पाच वर्षे या वयातील मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे 30 टक्के कमी होता, आणि 95 टक्के विश्वासाने सांगता येईल अशी या घटीची मर्यादा 6 ते 48 टक्के इतकी विस्तृत होती; पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

हा प्रतिकूल अर्धा भागही तितकाच मोलाचा होय, कारण उणीव नेमकी कोठे आहे हे तो दाखवितो. त्या पहिल्या महिन्याचा प्रश्न डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत आधीच हाती घेतला होता : 39 गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा आणि जंतुसंसर्गावर उपचार, 47 गावे तुलनेसाठी. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पहिल्या गटातील नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला, तर तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही.

हेतूची शुद्धता हा परिणामाचा पुरावा नव्हे, आणि परिणामाचा पुरावा मागणे ही हेतूविषयीची शंकाही नव्हे. म्हणून आरोग्याची कोणतीही नवी योजना मंजूर करताना शेजारच्या, योजनेबाहेरील गावांची मोजणी त्याच दिवसापासून सुरू करण्याची तरतूद असली पाहिजे. त्या प्रारंभीच्या नोंदी राहून गेल्या, तर पुढे कितीही खर्च करून त्यांची भरपाई होत नाही.