आजोबांचा वस्तरा

जुन्या पेढीची आवराआवर निघाली की खातेवह्या, पितळी वजने आणि टाक-दौत यांच्यासोबत कधी कधी घडीचा एखादा वस्तराही हाती लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी घरांत अशी वस्तू सापडणे नवलाचे नाही. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची नामांकित बाजारपेठ. १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला. त्या मार्गाने कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि परतीच्या वाटेने विलायती माल वऱ्हाडात पोहोचू लागला. साधू-साध्वींसाठी केशलोच आहे, वस्तरा ही गृहस्थाची वस्तू. १९०३ मध्ये जिलेटचा बदलत्या पात्याचा रेझर बाजारात आला. पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ नग विकले गेले, पण पुढे त्याच रेझरने घराघरांतील वस्तऱ्याला निवृत्त केले. अशा निवृत्त वस्तऱ्याला पुन्हा कामाचा करणे नवशिक्यालाही जमते. मात्र हे काम ज्याने घाईने हाती घेतले, त्याने वारसा गमावला असे समजावे. कारण पोलादाचा जो कण एकदा घासून निघाला, तो परत येत नाही.

पहिले काम पाहण्याचे. मुठीजवळच्या पोलादावर बहुधा कारखान्याचा ठसा असतो. इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही या धंद्याची दोन मोठी गावे. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक केले. त्यामुळे ठशात देशाचे नाव असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा, अशी ढोबळ खूणगाठ बांधता येते. त्यानंतर भिंगातून धार पाहावी. धारेला तडा गेलेला असेल, किंवा गंजाचे खड्डे ऐन धारेपर्यंत पोहोचले असतील, तर ते पाते वापरात आणण्याचा विचार सोडावा. ते स्वच्छ करून जपून ठेवणे हेच योग्य.

पात्याइतकाच मोलाचा प्रश्न मुठीचा आहे, आणि जैन घरात तो अधिक गंभीर होतो. जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, कासवाच्या पाठीच्या किंवा हस्तिदंताच्या असत. १९८६ च्या कायदादुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचाही व्यापार देशात बंद झाला. म्हणून मूठ हस्तिदंताची वाटल्यास ती विकण्याचा किंवा बदलण्याचा विचार करण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

मात्र पांढरी दिसणारी प्रत्येक मूठ हस्तिदंताची नसते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, तर सेल्युलॉइडच्या नकलेत सरळ समांतर रेषा असतात. अंगठ्याने घासून मूठ गरम केली आणि कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइडची. तापलेली सुई टोचून परीक्षा करू नये. सेल्युलॉइड क्षणात पेट घेते. या पदार्थाचा इतिहास वऱ्हाडच्या वाचकाला जवळचा वाटेल. बिलियर्डच्या चेंडूंना हस्तिदंताचा पर्याय शोधताना अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी तो घडवला आणि १८७० मध्ये, म्हणजे खामगावला रेल्वे आली त्याच वर्षी, त्याचे पेटंट घेतले. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळला की सेल्युलॉइड तयार होते. हत्तीच्या दाताची जागा अशी कापसाने घेतली. त्याचा एक दोष मात्र आहे. जुने झाल्यावर ते विघटन पावते आणि त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ पात्याला गंजवते. मूठ चिकट, भेगाळलेली झाली असेल, तर ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि तिच्या जागी शिसवी लाकडाची बसवावी.

स्वच्छतेची सुरुवात सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रशाने करावी. पाते लगेच कोरडे पुसून त्यावर शिवणयंत्राचे तेल लावावे आणि एक रात्र तसेच ठेवावे. लाल गंज काढावा. काळसर डाग वयाचे असतात, ते राहू द्यावेत. धारेवर चिकटपट्टी लावून ओला पॉलिश पेपर, आधी सहाशे, मग हजार, मग दोन हजार क्रमांकाचा, हलक्या हाताने फिरवावा. हात नेहमी पाठीकडून धारेच्या दिशेने जावा, धारेवर उलट येऊ नये. फिरत्या चाकावर पाते धरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पाते तापून निळसर झाले, की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि मग त्याला धार टिकत नाही.

धार लावण्यासाठी एक हजार, चार हजार आणि आठ हजार क्रमांकाच्या सपाट पथऱ्या लागतात. वस्तऱ्याची रचनाच अशी असते, की पाठ आणि धार दोन्ही पथरीला टेकवली म्हणजे योग्य कोन आपोआप साधतो. पाते धारेच्या दिशेने पुढे सरकवावे, टोकाशी पाठीवर उलटवावे आणि तसेच परत आणावे. भार हाताचा नसावा, पात्याच्या वजनाइतकाच असावा. हजार क्रमांकावर संपूर्ण धार एकसारखी झाल्याशिवाय पुढच्या पथरीकडे वळू नये. नवशिके बहुधा येथेच चुकतात.

शेवटी पट्ट्यावर पाजवणे. येथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. परंपरेने यासाठी चामड्याचा पट्टा वापरतात. ज्यांना तो नको, त्यांनी घट्ट विणीचा सुती कॅनव्हास ताणून वापरावा. तीस-चाळीस फेऱ्या पुरतात.

प्रथम वापरापूर्वी पाते निर्जंतुक करावे आणि एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये. कावीळ-ब सारखे आजार रक्तातून पसरतात. केशकर्तनालयांत आता बदलत्या पात्याचे वस्तरे दिसतात, ते याच सावधगिरीपोटी. प्रत्येक वापरानंतर पाते कोरडे करावे. पावसाळ्यात त्यावर तेलाचा हात फिरवावा आणि वस्तरा बंद प्लास्टिकमध्ये न ठेवता सुती कापडात गुंडाळून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.