फडातल्या हिरकणीचा पान्हा कोणी आटवला?

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, सायंकाळी बंद झालेले दरवाजे, घरी उपाशी तान्हुले आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. तिच्या नावाने गडावर बुरूज आहे. पुढे एस. टी.च्या गाड्यांना तिचे नाव मिळाले आणि बसस्थानकांवर लेकुरवाळ्या बायांसाठी केलेल्या खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हटले गेले. आईच्या मायेचा गौरव म्हणून ही कथा सांगितली जाते. आम्हाला मात्र ती दुसरीच गोष्ट सांगते. हिरकणी ही कामाला गेलेली बाई होती. ती दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दूध पोचवायला गेली होती आणि तिचे स्वतःचे लेकरू दुधावाचून घरी पडले होते. तिच्या कामाच्या वेळा दुसऱ्याने ठरवल्या होत्या, दरवाजाची किल्लीही दुसऱ्याच्याच हातात होती. तिला कडा उतरावा लागला, कारण दरवाजा उघडला नाही. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या कड्याचे कौतुक करत आलो. दरवाजा का उघडला नाही, हे कोणी विचारले नाही!

तो दरवाजा आजही बंद आहे. बीड जिल्ह्यातल्या हजारो हिरकण्या दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की लेकरे काखेत घेऊन गाव सोडतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, गेवराई, परळी, कोणताही तालुका घ्या. कोरडवाहू तुकडा किंवा तोही नाही, हाताला काम नाही, मुकादमाची उचल अंगावर आहे. मग कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगावकडचे कारखाने गाठायचे. पाच-सहा महिने कोपीत काढायचे. यात वंजारी आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत. जाती वेगवेगळ्या असल्या, तरी हातातला कोयता एकच आहे.

या व्यवस्थेत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. म्हणजे बाई ही हिशेबात अर्धी आणि नवऱ्याला जोडलेली. उचल जोडीच्या नावावर, मजुरी जोडीच्या नावावर, आणि तीही बहुधा नवऱ्याच्या हातात. बाई बाळंत झाली, तरी कोयता थांबत नाही. काम बुडाले तर 'खाडा' पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. त्यामुळे ओली बाळंतीण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा फडात उभी राहते. आपल्या शहरी सुशिक्षित भगिनी 'रजा संपली, आता कामावर रुजू व्हायचे' असे म्हणतात, तेव्हा निदान रजा नावाची गोष्ट त्यांच्या वाट्याला आलेली असते. फडातल्या बाईला रुजू व्हायची तारीख नसते, कारण तिला सुटीच नसते.

तिचा दिवस कसा जातो ते पाहा. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या. अंधारातच फडावर जायचे. तान्हे मूल लुगड्याच्या झोळीत किंवा पाचटावर गोधडी टाकून निजवायचे. त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची थोरली पोर बसवायची, म्हणजे त्या पोरीची शाळा गेली. मग ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. बाळ रडते, पान्हा फुटतो, चोळी भिजते. पण वाहन भरायचे असते, मुकादम ओरडत असतो. दुपारपर्यंत छाती दगडासारखी दाटते. कधी गाठी होतात, ताप भरतो. काही बाया उसाच्या आडोशाला जाऊन दूध मातीत पिळून टाकतात. लेकरू दहा पावलांवर भुकेले आणि आईचे दूध मातीत, यापेक्षा मोठी चोरी कोणती असेल?

इथे थोडी शरीरशास्त्राची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आईचे दूध हे रांजणातल्या पाण्यासारखे साठवणीचे नसते. बाळ जितके पिते किंवा हाताने जितके काढले जाते, तितके नवे तयार होते. छाती तासन् तास रिकामी झाली नाही, असे रोज होऊ लागले, तर दूध कमी होत जाते. मग 'हिला दूधच येत नाही' असा ठपका बाईवर येतो. सासू म्हणते, नवरा म्हणतो, कधीकधी डॉक्टरही म्हणतो. दूध येत नाही असे नव्हे, ते येऊ दिले जात नाही! पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे आणि वरच्या अन्नासोबत ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगणवाडीच्या भिंतीवरही तेच लिहिलेले असते. प्रश्न असा की, भिंतीवरचे वाक्य फडात कोणी पाळायचे?

आज शहरात दूध काढण्याचे पंप मिळतात. नोकरी करणारी आई कार्यालयात दूध काढते, थंड पेटीत ठेवते, संध्याकाळी घरी नेते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. धारावीच्या कुशीत असलेल्या या पालिकेच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुसऱ्या मातांचे दूध मिळू लागले. म्हणजे आईचे दूध काढता येते, टिकवता येते आणि त्याने जीव वाचतो, हे गरिबांच्याच रुग्णालयाने सिद्ध करून दाखवले आहे. स्वच्छ हातांनी, उकळलेल्या झाकणाच्या वाटीत काढलेले दूध साध्या खोलीत, पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात, चार तास राहते आणि वाटी-चमच्याने पाजता येते. पंप नसला तरी हाताने काढता येते. पण त्यासाठी काय लागते? हात धुवायला पाणी, बसायला आडोसा, वीस मिनिटे वेळ आणि ते दूध पाजायला एक जाणते माणूस. फडात यातले एकही नाही. मार्चच्या उन्हात ते दूध चार तासही टिकणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, पंप ही वस्तू आहे, पाळणाघर ही व्यवस्था आहे. वस्तू वाटून व्यवस्थेचा प्रश्न सुटत नसतो.

या प्रश्नाला कायद्याचा आधार नाही असे नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण स्त्रीला कामावर ठेवून ज्या मालकाचा फायदा होतो, तोही या जबाबदारीतून सुटू शकत नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा घडवल्या. खाणीतल्या बाईचा विचार करणाऱ्या या महामानवाचे नाव प्रसूती रजेवर जाणाऱ्या किती अधिकारी बायकांना ठाऊक असते, हा वेगळा प्रश्न!

जगाने तर १९१९ सालीच, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या ठरावात, अंगावर पाजणाऱ्या कामगार आईला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास द्यावा असे म्हटले होते. आपल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसात दोन स्तनपानाच्या सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी आलेल्या आहेत. साखर कारखान्याच्या गळितासाठी शेकडो बाया ऊस तोडतात. मग पाळणाघर कुठे आहे?

उत्तर ठरलेले आहे. 'त्या आमच्या कामगारच नाहीत.' कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम वाहतूक ठेकेदाराकडे. हजेरीपटावर बाईचे नावच नाही, मग ऐंशी दिवस काम केल्याची अट ती कशी सिद्ध करणार? कोणी म्हणेल, हे शेतीकाम आहे, फडात कायदा कसा न्यायचा? त्यांना आम्ही आसामचे चहाचे मळे दाखवतो. चहाची पाने खुडणेही उघड्यावरचेच काम आहे. तरी १९५१ च्या मळे कामगार कायद्याने त्या स्त्रियांसाठी पाळणाघराची तरतूद केली होती. विडी वळणाऱ्या बायांसाठी १९६६ च्या कायद्याने केली होती. आमच्या रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही कामावर पाच लहान मुले असली तर ती सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद होती. म्हणजे उघड्या रानात पाळणा बांधता येतो. ऊसतोडीतच तो बांधता येत नाही, कारण इथे मालक साखरसम्राट आहेत आणि तेच सत्तेतही आहेत.

या खाड्याच्या भीतीने काय केले, ते बीडने पाहिले आहे. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. पाळीच्या चार दिवसांचा खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकायची! ज्या खाड्याने गर्भाशय घेतले, तोच खाडा पान्हाही घेतो. एकाची बातमी झाली, दुसऱ्याची झाली नाही, कारण आटलेल्या दुधाची नोंद कुठल्याच रुग्णालयात होत नसते.

आता थोडा हिशेब करू. २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. एका जोडीने दिवसात बारा तास राबून दोन टन ऊस तोडला, तर जोडीची तासाची कमाई साधारण ६१ रुपये, बाईच्या वाट्याची तीस रुपये. दिवसातून दोनदा अर्धा तास लेकराला दिला, तर दीडशे दिवसांच्या हंगामात तिचे सुमारे साडेचार हजार रुपये बुडतात. समजा, दहा हजार अंगावर पाजणाऱ्या माता आहेत, तर साडेचार कोटी रुपये झाले. राज्यात हंगामाला आठ-दहा कोटी टन ऊस गाळला जातो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर शासनाने घालायची, असे ठरलेले आहे. म्हणजे कारखान्यांच्या वाट्याचेच ऐंशी ते शंभर कोटी. मग साडेचार कोटी जड का व्हावेत? पैसा नाही ही सबब खोटी आहे. इच्छा नाही, हे खरे.

हा प्रश्न फडापुरताही नाही. आरक्षणाने आणि शिक्षणाने आमच्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, पोलीस झाल्या, एस. टी.त वाहक झाल्या. सहा महिन्यांनी त्या कामावर परततात, तेव्हा दूध काढायला त्यांना शौचालयात नाहीतर जुन्या दप्तराच्या खोलीत जावे लागते, आणि बाहेर आल्यावर सहकाऱ्यांचे कुजकट हसू सोसावे लागते. आमच्या परिचयातल्या कित्येक मुलींनी याच लाजेपायी महिन्याभरात डब्याचे दूध सुरू केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष असावेत, असे राज्यांना बजावले आहे. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे, आगार, प्रत्येक ठिकाणी एक खोली, एक कडी, एक नळ. त्याला किती खर्च येतो?

म्हणून पुढच्या हंगामाआधी चळवळीच्या मागणीपत्रकात चार गोष्टी आल्याच पाहिजेत. ऊसतोड बाईचे स्वतंत्र नाव कारखान्याच्या हजेरीपटावर चढवा. कोप्यांच्या प्रत्येक तळावर पाळणाघर काढा आणि तिथे तळावरच्याच एखाद्या जाणत्या बाईला पगारी नेमा. अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसातून दोनदा भरपगारी सुटी द्या आणि त्याचा खर्च महामंडळाच्या निधीतून भागवा. त्या वेळेचा खाडा धरणाऱ्या मुकादमावर कारवाई करा. शासन हलेपर्यंत थांबायचेही कारण नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात गावोगाव आपली विहारे आणि समाजमंदिरे आहेत. दिवसा ती बहुधा कुलूपबंद असतात. हंगामाचे पाच महिने तिथे पाळणे बांधता येतील. आपल्या महिला मंडळांनी एकदा तळावर जाऊन बघावे, तान्ही लेकरे किती आहेत ते मोजावे, ती यादी घेऊन कारखान्याच्या कार्यकारी संचालकासमोर उभे राहावे. आकडा हातात असला की साहेबाला तोंड चुकवता येत नाही.

कड्यावरून उतरणाऱ्या आईचा बुरूज पुष्कळ झाला. आता दरवाजा उघडा!