आयरिश पूर्वजांचा शोध : दप्तरे आणि डी.एन.ए.

आयर्लंडच्या बेटावर आज सुमारे सत्तर लाख लोक राहतात. परंतु स्वतःला आयरिश वंशाचे म्हणविणारे लोक एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तीन कोटींहून अधिक आहेत. या विषमतेचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि १८५२ पर्यंत टिकलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, तर त्याहूनही अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. देशांतराचा ओघ त्यानंतरही अनेक दशके चालू राहिला. गेलेल्यांपैकी बहुतेकजण भूमिहीन मजूर किंवा लहान कुळे होती. आपल्याजवळ ठेवण्याजोगा कागद त्यांच्यापाशी क्वचितच असे. त्यांचे वंशज आज त्यांचा शोध घेतात, तेव्हा त्यांना दोन साधनांवर विसंबावे लागते : सरकारी व धार्मिक दप्तरे, आणि स्वतःच्या शरीरातील डी.एन.ए.

प्रथम दप्तरांचा विचार करू. २८ जून १९२२ रोजी डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्‌स’ या इमारत-समूहावर तोफांचा मारा सुरू झाला आणि आयर्लंडचे यादवी युद्ध पेटले. ३० जून रोजी तेथे प्रचंड स्फोट होऊन राष्ट्रीय दप्तरखान्याला आग लागली. सात शतकांचे कागद जळाले. अर्धवट जळालेली पाने शहरभर उडत राहिली. १८२१ ते १८५१ या काळातील चारही शिरगणत्यांचे मूळ तक्ते, काही तुरळक अवशेष वगळता, नष्ट झाले. मृत्युपत्रे गेली, तसेच चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या शेकडो नोंदवह्याही गेल्या.

तथापि ‘सारे काही आगीत गेले’ हा जो समज रूढ झाला आहे, तो बरोबर नाही. १८६१ व १८७१ च्या शिरगणतीचे तक्ते आकडेवारी तयार झाल्यावर सरकारनेच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे लगद्यासाठी देण्यात आले. म्हणजे चार शिरगणत्या आगीने नेल्या, तर चार प्रशासनाच्या बेपर्वाईने. यामुळे संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या शिरगणत्या १९०१ व १९११ च्या आहेत.

शिवाय पुष्कळसे महत्त्वाचे कागद त्या इमारतीत नव्हतेच. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची नोंदणी १८६४ पासून सुरू झाली (कॅथलिकेतर विवाहांची १८४५ पासून), आणि ती शाबूत आहे. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या त्या त्या धर्मग्रामातच राहिल्या होत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि २०१५ मध्ये ती सर्वांना विनामूल्य पाहण्यासाठी इंटरनेटवर ठेवली. मात्र पश्चिमेकडील गरीब भागांत या वह्या बऱ्याच उशिरा, कित्येक ठिकाणी १८२० नंतर, सुरू होतात. ज्या प्रदेशातून सर्वाधिक लोक परदेशी गेले, तेथेच लेखी पुरावा सर्वांत विरळ आहे.

शिरगणतीची उणीव काही अंशी भरून काढणारी दोन साधने आहेत. १८२३ ते १८३८ या काळात चर्चला द्यावयाच्या कराच्या आकारणीसाठी शेतजमीन कसणाऱ्यांच्या याद्या करण्यात आल्या. त्यानंतर १८४७ ते १८६४ या काळात सर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली साऱ्या देशातील जमिनींची व घरांची मोजदाद होऊन प्रत्येक कुळाचे नाव, जमीनदाराचे नाव, क्षेत्र आणि आकारणी छापण्यात आली. यांत कुटुंबप्रमुखाचेच नाव असते. पत्नी व मुले यांचा उल्लेख नसतो.

या साऱ्या कागदांचा उपयोग होण्यासाठी एक गोष्ट ठाऊक असावी लागते, ती म्हणजे पूर्वजाचे ‘टाउनलँड’. हा आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान विभाग; आपल्याकडील एखादी वाडी आणि तिचे शिवार यांच्याशी त्याची तुलना करता येईल. अशी ६० हजारांहून अधिक टाउनलँड्‌स आहेत. परंतु अमेरिकेत उतरलेल्या बोटींच्या जुन्या याद्यांत प्रवाशाच्या नावापुढे बहुधा केवळ ‘आयर्लंड’ एवढेच लिहिलेले आढळते. नावांचीही अडचण असते. मोजकीच नावे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात, आणि आयरिश आडनावांची इंग्रजी रूपे होताना त्यांची ओळख पुसली जाई. ‘लोहाराचा मुलगा’ असा अर्थ असलेले आडनाव एके ठिकाणी मॅकगोवन झाले, तर दुसरीकडे त्याचे सरळ ‘स्मिथ’ असे भाषांतर झाले.

कागद कधीकधी अनपेक्षित वाटेनेही वाचतो. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांना वृद्धवेतन मिळू लागले. त्या वृद्धांचा जन्म सक्तीच्या नोंदणीपूर्वीचा असल्यामुळे वय सिद्ध कसे करावयाचे, हा प्रश्न होता. म्हणून दप्तरखान्यातील कारकून १८४१ व १८५१ चे तक्ते शोधून अर्जदाराच्या घरातील माणसांची नावे व वये उतरवून घेत. मूळ तक्ते पुढे जळाले, पण वृद्धवेतनासाठी झालेल्या या शोधांचे कागद मोठ्या संख्येने उरले. आठवड्याला पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जांमुळे अनेक अनाम कुटुंबे इतिहासात टिकून राहिली. याच पद्धतीने, अन्यत्र उरलेल्या नकला गोळा करून, जळालेल्या दप्तरखान्याची प्रतिकृती उभारण्याचा प्रकल्प डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीनिमित्त, जनतेसाठी खुला झाला.

या शोधाचा एक धागा भारतापर्यंतही पोहोचतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश सैनिक मोठ्या संख्येने भरती होत. मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांतील युरोपीयांचे बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठविल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याच्या जन्माचा कागद आयर्लंडमध्ये सापडत नाही, त्याच्या विवाहाची किंवा मृत्यूची नोंद मुंबई इलाख्याच्या वहीत मिळण्याचा संभव असतो.

जेथे कागद संपतो, तेथे डी.एन.ए. चाचणीकडे वळण्याची प्रवृत्ती गेल्या दोन दशकांत वाढली आहे. या चाचण्या तीन प्रकारच्या आहेत. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते. म्हणून ते पितृवंशाचा, आणि सामान्यतः आडनावाचा, मागोवा देते. मायटोकॉन्ड्रिया या पेशीघटकातील डी.एन.ए. केवळ मातेकडून येतो. उरलेली बावीस गुणसूत्रांच्या जोड्यांची चाचणी दोन्ही बाजूंचे नातेसंबंध दाखविते, आणि वंशावळीच्या कामात तीच सर्वाधिक वापरली जाते.

तिची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. प्रत्येक पिढीत वारसा निम्मा होतो. आजोबा-आजी समान असलेल्या भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डी.एन.ए. समान असतो, पणजोबा-पणजी समान असल्यास सुमारे तीन टक्के, आणि खापरपणजोबा समान असल्यास एक टक्क्याहूनही कमी. या शेवटच्या गटातील दहांपैकी साधारण एका जोडीत तर समान अंश आढळतच नाही, जरी नाते खरे असले तरी. आज हयात असलेल्या पिढीपासून दुष्काळातील पिढी पाच-सहा पिढ्या मागे आहे, म्हणजे चाचणीच्या आवाक्याच्या अगदी काठावर. म्हणूनच जाणकार मंडळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीची चाचणी आधी करावी असे सुचवितात. याखेरीज लहान, एकमेकांत विवाह करणाऱ्या वस्त्यांतील माणसे चाचणीत प्रत्यक्षाहून अधिक जवळची नातलग भासतात.

वाय गुणसूत्राबाबतही उतावीळ निष्कर्ष टाळावे लागतात. २००६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांना वायव्य आयर्लंडमधील सुमारे एक पंचमांश पुरुषांत एकाच पूर्वजाकडून आलेली खूण आढळली, आणि तिचा संबंध दंतकथेतील राजा नियाल याच्याशी जोडण्यात आला. एक समान पूर्वज होता, एवढे विज्ञान सांगते; तो नियालच होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. डी.एन.ए. नाते सांगतो, नाव, गाव आणि साल सांगत नाही. ती माहिती कागदातूनच मिळवावी लागते.

या दोन साधनांची गरज केवळ कुतूहलापुरती नाही, हे गॉलवे परगण्यातील ट्यूअम या गावावरून दिसून येते. अविवाहित माता व त्यांची मुले यांच्यासाठी तेथे १९२५ ते १९६१ या काळात एक आश्रम होता. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरिन कॉर्लेस यांनी मृत्युनोंदणीच्या वह्यांतून तेथे मरण पावलेल्या ७९६ बालकांची नावे शोधून काढली. त्यांच्या दफनाची नोंद मात्र मिळत नव्हती. २०१७ मध्ये चौकशी आयोगाने त्या जागी मानवी अवशेष असल्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२५ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. अवशेषांतील डी.एन.ए. हयात नातेवाइकांच्या डी.एन.ए.शी ताडून पाहण्याची योजना आहे. तेथे वहीत नावे आहेत, पण त्यांची शरीरे कोठे हे वही सांगत नाही. मातीत अवशेष आहेत, पण त्यांना नाव नाही. मृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनाची वही आणि वृद्ध बहीण-भावांनी दिलेला लाळेचा नमुना ही दोन्ही एकत्र आली, तरच एखाद्या बालकाला त्याचे नाव परत मिळू शकेल.