प्रवाळांची कलमे

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. असंख्य चिमुकले प्राणी एकत्र वसाहत करून चुनखडीचा सांगाडा रचतात. त्यातूनच प्रवाळभित्ती उभ्या राहतात. भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात व त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापले की शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. ही स्थिती लांबली तर तो उपासमारीने मरतो.

उजाड झालेली भित्ती पुन्हा वसवता येईल का? गुलाबाच्या कलमाप्रमाणे फांदीदार प्रवाळाचा तुकडाही नवी वसाहत करतो. असे तुकडे पाण्यातच दोरीवर किंवा चौकटीवर वाढवून मग खडकावर बसवतात. कधी वसाहतच हलवावी लागते. सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये मुंबईत वरळी व हाजी अली येथील १८ वसाहती दुसऱ्या जागी नेण्यात आल्या. हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झाले.

पण नव्या जागचे पाणी मानवले पाहिजे. आपण वर्गात एक प्रयोग करून पाहू. पावसाळ्यात खडवलीला भातसा नदीचे गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरा व तिच्यामागे छापील कागद धरा. अक्षरे दिसतात का? बाटली तासभर स्थिर ठेवा. तळाशी गाळ साचेल. समुद्रात असाच गाळ शैवालांचा प्रकाश अडवतो आणि प्रवाळांना गाडून टाकतो. म्हणून गाळ, सांडपाणी व तापमानवाढ यांना आवर घातला, तरच ही कलमे जगतील.