घेरी आणि कानातील तोल

एखादा कामगार सकाळी अंथरुणातून उठतो तोच सारी खोली गरगर फिरू लागते. भिंत धरली तरी एकाच बाजूला झोक जातो, ओकारी थांबत नाही. अशा माणसाविषयी आपल्याकडे तीन निदाने तयार असतात : पित्त, अशक्तपणा, नाहीतर दारू. तिसऱ्या निदानाने त्याची भाकरीच धोक्यात येते. प्रत्यक्षात दोष कानाच्या नसेचा असू शकतो.

कान केवळ ऐकण्यासाठी नाही. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके वळले की द्रव हलतो आणि त्याची वर्दी एक नस मेंदूस देते. एका कानाच्या या नसेला सूज आली की तिची वर्दी मंदावते. बैलजोडीतला एक बैल बसला तर गाडी त्याच अंगाला वळते, तसेच येथे घडते. मेंदूस वाटते आपण फिरत आहोत. बुबुळे चांगल्या कानाच्या दिशेने झटके देतात आणि माणूस आजारी कानाकडे झुकतो. ही सूज बहुधा विषाणूंमुळे येते असे मानतात. कित्येकदा आधी सर्दी-पडसे झालेले असते. लंडनच्या मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी 1952 साली या विकाराचे स्पष्ट वर्णन केले.

हा विकार ओळखावा कसा? घेरी अकस्मात येते, तासन् तास, कधी दोन-तीन दिवस अखंड राहते. पण ऐकणे शाबूत असते. कूस बदलताना काही सेकंदच गरगरते, तो विकार निराळा. घेरीबरोबर कानात आवाज येऊन ऐकू कमी येते, तोही निराळा.

परंतु एक इशारा नीट ध्यानात ठेवावा. बोलणे अडखळले, एकाची दोन दिसू लागली, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, डोके भयंकर दुखले किंवा आधार देऊनही उभे राहवेना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्याने अधिकच जपावे. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

नसेच्या सुजेवर उपचार साधा आहे. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, पाणी आणि ओकारी-घेरी थांबविणारे औषध. काहींना डॉक्टर आरंभीच स्टेरॉइड देतात. घेरीच्या गोळ्या मात्र पुढे चालू ठेवू नयेत. त्यांनी मेंदूची नवी शिकवण लांबते. ओकारी थांबताच हालचाल सुरू करावी : अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे फिरवावी, मग आधाराने उभे राहावे, पुढे चालता चालता मान वळवावी. आरंभी गरगरेल, त्यानेच मेंदू एका बैलावर गाडी हाकण्यास शिकतो. बहुतेकजण काही आठवड्यांत सावरतात.

तोल येईतो मात्र लेथ, भट्टी, शिडी आणि वाहन यांपासून दूर राहावे. मजुरी बुडेल या भीतीने कामगार लवकर परततो, आणि अपघात तेथेच होतो. राज्य कामगार विमा योजनेत आवश्यक वर्गणी भरलेल्या कामगारास डॉक्टरी दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि दाखला घ्यावा. शेजारच्या कामगाराने त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याला सावरावे.