महोगनी : घरात कुठे लावावी, बाहेर कुठे टाळावी

पुण्याच्या टिंबर मार्केटपासून जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापर्यंत आता सागवानाच्या जोडीने महोगनीचे नाव हमखास कानी पडते. सागवान सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर गेले, तसे लोक स्वतःहून महोगनी मागू लागले. आपल्या राज्यातील शेतकऱ्यांनीही बांधावर आणि शेतात तिची लागवड केली आहे. मात्र लाकडाची जात, वय आणि ओल न पाहता माल घेतला, तर पहिल्याच पावसाळ्यात दार फुगते आणि बोल लागतो तो मिस्त्रीला. वखारवाल्याला कोणी विचारत नाही. म्हणून आपल्या सुतार, पॉलिशवाले आणि व्यापारी बंधूंनी या लाकडाची नीट ओळख करून घेणे आवश्यक आहे.

नाव एक, लाकडे अनेक

खरी महोगनी मूळची अमेरिका खंडातली. शास्त्रात तिला स्विटेनिया म्हणतात. तिच्या तीन जाती असून हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. १८व्या शतकात इंग्लंडमधील उत्तम फर्निचर याच लाकडाचे होत असे. थॉमस चिपेंडेल या कारागिराने १७५४ साली फर्निचरच्या नमुन्यांचे पुस्तक काढले, तो काळ महोगनीच्या भरभराटीचा होता. आपल्या देशात हे झाड १७९५ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले.

आफ्रिकन महोगनी म्हणजे खाया. ती याच कुळातली, पण वेगळी जात आहे. फिलिपिन्स महोगनी या नावाने जे विकले जाते ते तर मेरांतीच्या वर्गातले, म्हणजे अगदी दुसऱ्याच कुळातले लाकूड. शिवाय पॉलिशवाल्यांच्या भाषेत महोगनी हा एक रंगही आहे. तो कोणत्याही स्वस्त लाकडावर चढवता येतो. म्हणून नुसत्या रंगावर भुलू नये. फळीची कड रंध्याने थोडी सोलून आतला खरा रंग पाहावा आणि बिलावर जातीचे नाव लिहून घ्यावे.

निर्यात करणाऱ्यांना तर हे फारच महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या जंगलातील मोठ्या पानाच्या महोगनीचा व्यापार २००३ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्याखाली आला. आफ्रिकेतील खायालाही २०२२ च्या बैठकीत त्याच यादीत घेण्यात आले. बाहेरून आलेल्या लाकडाचे कागद नसतील तर तयार माल बंदरात अडकू शकतो.

गाभा आणि पांढरे लाकूड

जुन्या जंगली झाडाचा गाभा लालसर तपकिरी आणि टिकाऊ असतो. लागवडीचे झाड लवकर तोडले जाते. त्यात गाभा थोडा आणि बाहेरचे पांढरट लाकूड जास्त निघते. या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. काही महिन्यांत कपाटाखाली बारीक भुसा पडू लागला, तर दोष बहुधा याच भागाचा असतो. तेव्हा घनफुटाचा भाव ठरवताना गाभ्याची फळी किती आणि पांढरी किती हे पाहूनच सौदा करावा.

घरातले काम

महोगनीची खरी जागा घराच्या आत आहे. कपाट, पलंग, टेबल, जिन्याचा कठडा, आतली दारे आणि भिंतीवरील पॅनेल यांना ती शोभते. ती सागवानापेक्षा किंचित हलकी, कापायला सोपी आणि कोरीव कामाला चांगली असते. सर्वांत मोठा गुण म्हणजे ती फार आकसत किंवा फुगत नाही. पूर्ण ओले लाकूड पूर्ण कोरडे झाले, तर रुंदीत सागवान सुमारे ५.८ टक्के आकसते आणि महोगनी सुमारे ४.१ टक्के.

तरीही हालचाल होतेच. उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडाची ओल ६ टक्क्यांनी बदलली, तर १८ इंच रुंदीची फळी सुमारे ४ मिलिमीटर कमीजास्त होते. म्हणून दाराच्या चौकटीत पॅनेल बसवताना ते सरसाने चिकटवू नये. खाचेत दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून सुटे ठेवावे. कोकणात तर ही काळजी अधिकच घ्यावी.

रंध्याला धार चांगली हवी. काही फळ्यांत रेषा उलटसुलट असतात आणि बोथट पात्याने लाकूड उचकटते. महोगनीची छिद्रे उघडी असल्याने पॉलिशपूर्वी ती भरून घासून घ्यावीत, नाहीतर चकाकी एकसारखी येत नाही. हे लाकूड उजेडात हळूहळू गडद होते. नव्या फळीवर सुरुवातीलाच फार गडद रंग चढवला, तर काही वर्षांनी काम काळपट दिसते.

ओल कशी तपासावी

फर्निचरच्या लाकडात ओल साधारण १० ते १२ टक्के असावी. ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर फळीच्या मधून लहान तुकडा कापून वजन करावा. मग भट्टीत शंभर अंशांच्या थोडे वर ठेवून, वजन उतरणे थांबेपर्यंत सुकवावा. समजा तुकडा आधी ११२ ग्रॅम होता आणि सुकल्यावर १०० ग्रॅम भरला, तर ओल १२ टक्के झाली. १२५ ग्रॅमचा १०० ग्रॅम झाला, तर ओल २५ टक्के. असा माल कामाला घेऊच नये. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशी थप्पी लावावी. एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष हा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. घाई असेल तर भट्टीत सुकवलेला माल घ्यावा.

बाहेरचे काम

बाहेरच्या कामात मात्र तारतम्य हवे. ओसरी, पडवी, छताखालचा झोपाळा किंवा पागोळीपासून आत असलेले मुख्य दार यांसाठी गाभ्याची महोगनी चालते. उघड्यावरचे फाटक, गच्चीवरचे बाक, न्हाणीघराची चौकट किंवा मातीत रोवायचा खांब यांसाठी ती नको. तेथे जुने सागवानच बरे. लागवडीच्या कोवळ्या महोगनीला तर वाळवीच्या जागी मुळीच नेऊ नये.

छताखालच्या कामातही खांब दगडावर किंवा सिमेंटच्या जोत्यावर उभा करावा. फळीची तोंडे सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून तेथे तेल किंवा व्हार्निशचे दोन हात जादा द्यावेत. साधे लोखंडी खिळे ओलीत काळे डाग पाडतात, तेव्हा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात द्यावा लागेल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे.

एक गोष्ट आपल्या तब्येतीची. महोगनीची धूळ काहींच्या नाकाला, डोळ्यांना आणि कातडीला बाधते. लाकडाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणे घातकच असते. घासकाम करताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावावा. कारखानदारांनी शिकाऊ मुलांनाही तो द्यावा.

सचोटीचा सौदा

पैगंबर साहेबांचा (स.) एक प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. बाजारात त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ओल्या फळीवर पॉलिश मारून ती सुकी म्हणून विकणे हा त्याच ढिगाचा दुसरा नमुना आहे. जात कोणती, गाभा किती, लाकूड सुके की ओले आणि ते कुठे टिकणार नाही, या चार गोष्टी गिऱ्हाइकाला आधी सांगितल्या तर एखादा सौदा हातचा जाईलही. पण जो होईल त्यात बरकत राहील आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या कामाला पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल, इन्शाअल्लाह.