आपट्याच्या पानापासून रेल्वेच्या रुळांपर्यंत

मुलांनो, दसऱ्याला आपण आपट्याचं पान देतो, पण ते नीट बघितलंय का कधी? मधल्या शिरेवर घडी घाला. दोन्ही भाग एकमेकांवर बसतात. गणितातली सममिती ती हीच! आणि एखादा आकार, रेषा किंवा रंग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आला, की तयार होतो आकृतिबंध. बोलताना आपण त्याला पॅटर्न म्हणतो. पानाचा फोटो झाडावरच काढा, मागून ऊन येऊ द्या. शिरांची जाळी उजळून दिसते. त्यासाठी फांदी ओरबाडायची गरज नाही.

पनवेल तालुक्यात याच नावाचं आपटा गाव आहे, पाताळगंगेच्या काठी. तिथलं स्टेशन 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटच्या प्रसंगामुळे सगळ्यांना माहीत झालं. आता रूळ बघा. दोन रुळांमधलं अंतर सगळीकडे 1676 मिलिमीटरच, तरी फोटोत ते लांब जाऊन एकत्र मिळाल्यासारखे वाटतात. लांबची वस्तू डोळ्याला लहान दिसते, म्हणून. पण हा फोटो फलाटावरून, पिवळ्या पट्टीच्या आत राहूनच काढायचा. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि गाडी काही तुमच्या फोटोसाठी थांबत नाही.

दगडातही आकृतिबंध असतो बरं का. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर बेसॉल्टचे उभे, कोन असलेले खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि खांब सुटे झाले. उन्हाळ्यात वाळलेल्या भातखाचरातल्या चिखलाला भेगा पडतात, तेव्हाही आकसणंच कारण. फोटो काढायला मात्र चिखल सोपा! मोबाइल जमिनीला समांतर धरा आणि चौकट भेगांनीच भरून टाका, म्हणजे आकृतिबंध कुठे संपतच नाही असं वाटतं. दुपारचं ऊन टाळा. सकाळचं तिरकं ऊन असेल तर सावल्या पडतात, खोली कळते.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ती कौलं. एकसारख्या ओळी, आणि मधेच एक नवं, लालभडक कौल. नजर तिथेच जाते! पण आता कौलं काढून पत्रे टाकतात, नाहीतर स्लॅब. गळतीला कंटाळलेल्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा? म्हणून या आठवड्याचा उपक्रम कौलारू छपराचा. घरमालकाला विचारून फोटो काढा. वहीत तारीख लिहा, आणि घर किती जुनं आहे ते आजी-आजोबांना विचारून त्याखाली लिहा.